बेसबॉल: खेळाडू पगाराच्या मानाने ‘वसूल’ झाला, हे ठरवायचं कसं?

तीननद्या

पिट्सबर्गला राहतो, त्यामुळे पायरेट्स हा घरचा संघ. २०२५ च्या मोसमात आमच्या पॉल स्कीन्स या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) २१६ फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू टाकून थेट बाद केले, आणि दर नऊ इनिंगमागे दोनपेक्षाही कमी धावा दिल्या, ईआरए १.९७. नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांतला एक) सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. त्या वर्षीचा त्याचा पगार ८ लाख ७५ हजार डॉलर.

त्याच वर्षी कोलोराडो रॉकीजचा क्रिस ब्रायंट पाठीच्या दुखण्यामुळे जेमतेम ११ सामने खेळला. त्याचा करार ७ वर्षांचा, १८.२ कोटी डॉलरचा, म्हणजे वर्षाला सरासरी २.६ कोटी.

मोसम संपला की सगळीकडे याद्या निघतात: सर्वांत स्वस्तात मिळालेला कोण आणि सर्वांत महागात पडलेला कोण. पहिल्या यादीत स्कीन्स, दुसऱ्या यादीत ब्रायंट. या याद्या वाचून मला दर वेळी राग येतो आणि तो का येतो हे सविस्तर लिहायचं होतं, म्हणून हा धागा.

ब्रायंट कधीकाळी पहिल्या यादीत होता. २०१६ मध्ये तो शिकागो कब्जकडून खेळत होता, नॅशनल लीगचा एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) झाला आणि कब्जने १०८ वर्षांनी वर्ल्ड सीरीज (अंतिम फेरी) जिंकली. शेवटच्या सामन्यातला शेवटचा चेंडू त्यानेच उचलून पहिल्या बेसवर अँथनी रिझोकडे फेकला. फेकताना पाय घसरत होता आणि तो हसत होता, हे कुठलाही कब्ज चाहता डोळे मिटून सांगेल. त्या वर्षीचा त्याचा पगार होता ६ लाख ५२ हजार डॉलर.

कारण मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये, पगार खेळावर ठरत नाही, सेवेच्या वर्षांवर ठरतो. पहिली साधारण तीन वर्षं क्लब देईल तो पगार घ्यायचा, फक्त किमान वेतनाखाली जायचं नाही. २०२५ मध्ये हे किमान वेतन ७ लाख ६० हजार होतं. पुढची तीन वर्षं लवादाची: क्लब एक आकडा सांगतो, खेळाडू दुसरा, आणि जमलं नाही तर लवाद दोनांतला एक निवडतो. सहा वर्षं पूर्ण झाल्यावरच खेळाडू मोकळा होतो आणि कुठल्याही क्लबशी बोलू शकतो. तोवर बहुतेकांनी तिशी गाठलेली असते.

म्हणजे जेव्हा तो सर्वांत जोरात खेळतो तेव्हा त्याला भाव नसतो, आणि भाव येतो तेव्हा गुडघे, खांदे, पाठ बोलायला लागलेली असते. मग आपण त्याला ‘महाग’ म्हणतो. हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

मुळाकाठ

धागा आवडला. मी पुण्यात असतो, बेसबॉल फार कळत नाही, पण वर्ल्ड सीरीज पाहतो. एक मूलभूत शंका. फलंदाज, पिचर, कॅचर या सगळ्यांचं मोल एकाच मापात कसं आणणार? धावा कोण किती काढतो हे कळतं, पण शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) अडवलेल्या धावांचं काय?

आकडेमोड

@मुळाकाठ, त्यासाठी वॉर नावाचं माप आहे, ‘विन्स अबव्ह रिप्लेसमेंट’. कल्पना साधी आहे. हा खेळाडू उद्या आजारी पडला आणि मायनर लीगमधून (खालच्या स्तरावरून) किमान वेतनावर कुणालातरी उचलून आणलं, तर संघ किती सामने कमी जिंकेल? बॅटिंग, बेसवरचं धावणं, क्षेत्ररक्षण, जागेचं अवघडपण, सगळं धावांत मोजायचं. साधारण १० धावांना एक विजय.

संपूर्ण संघच असा उचलून आणलेल्यांचा असेल तर १६२ पैकी ४८ च्या आसपास सामने जिंकेल, असं धरलेलं आहे. तिथून वरचे सगळे विजय खेळाडूंमध्ये वाटले जातात आणि पूर्ण लीगमध्ये मिळून ते दर मोसमाला १००० होतात. बेसबॉल रेफरन्स आणि फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या दोन्ही संकेतस्थळांवर २०१३ पासून हीच पायाभूत पातळी वापरतात. क्षेत्ररक्षण आणि पिचिंग मोजायची दोघांची पद्धत वेगळी, म्हणून एकाच खेळाडूचे आकडे थोडे वेगळे दिसतात. दोन वॉर म्हणजे नियमित खेळणारा चांगला माणूस, पाच म्हणजे ऑलस्टार, आठ म्हणजे एमव्हीपी.

आता पैसा. मोकळ्या खेळाडूंना मिळणारे करार आणि त्यांच्याकडून अपेक्षित वॉर यांचा भागाकार केला की एका विजयाचा बाजारभाव निघतो. अलीकडच्या वर्षांत तो साधारण ८० ते ९० लाख डॉलर धरतात. स्कीन्सचं २०२५ चं वॉर फॅनग्राफ्सच्या मापाने साडेसहाच्या आसपास होतं. ८० लाखांनी गुणा, ५ कोटी डॉलरच्या वर जातं. पायरेट्सनी दिले पावणेनऊ लाख.

जुना_मेट्सवाला

आकडेमोड यांनी छान समजावलं, पण या गुणाकारावर माझा मोठा आक्षेप आहे. मी पस्तीस-चाळीस वर्षं हा खेळ बघतोय, आणि ही ८० लाखांची फूटपट्टी सगळीकडे लावलेली बघून वाईट वाटतं.

एवढंच करून बघा. १००० विजय गुणिले ८० लाख म्हणजे ८०० कोटी डॉलर. आणि तीसही क्लबांच्या पगाराची एकूण बेरीज? ५०० कोटींच्या आसपास. म्हणजे ८० लाख हा विजयाचा भाव नाहीच. मोकळ्या बाजारात जो थोडा माल येतो त्याचा तो भाव आहे. तरुण पोरांना बांधून ठेवल्यामुळे मालकांच्या हातात जो पैसा शिल्लक राहतो, तोच या थोड्या मालावर ओतला जातो. उद्या सगळेच मोकळे झाले तर भाव ५० लाखांवर येईल. मग स्कीन्सला ५ कोटी नाही, सव्वातीन कोटी. तेही कमी नाहीत, पण हिशोब खरा करायचा तर तिथून करा.

आणि हे आजचं नाही. १९६९ मध्ये सेंट लुईसने कर्ट फ्लड या खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, तेव्हा त्याचा पगार वर्षाला ९० हजार डॉलर होता. त्या काळी चांगलाच. तरी मला न विचारता विकायचं नाही म्हणून तो कोर्टात गेला, १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला आणि त्याची कारकीर्द संपली ती संपलीच. १९७५ च्या डिसेंबरमध्ये लवाद पीटर सायट्झ यांनी मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या खेळाडूंच्या बाजूने निवाडा दिला तेव्हा मोकळं होण्याचं दार उघडलं.

त्यानंतर ओकलंडचे मालक चार्ली फिन्ली यांनी बाकी मालकांना सुचवलं, की दर वर्षी सगळ्यांनाच मोकळं करा, बाजारात एवढी गर्दी होईल की भाव पडतील. खेळाडूंच्या संघटनेचे मार्विन मिलर यांना नेमकी याचीच धास्ती होती. मालकांनी फिन्लींचं ऐकलं नाही आणि संघटनेशी झालेल्या १९७६ च्या करारात सहा वर्षांची अट आली. थोडे मोकळे, बाकी बांधलेले. संघटनेलाही ते सोयीचं होतं, हे विसरून चालणार नाही. आज ज्या तरुणांसाठी आपण हळहळतो, त्यांच्या कमी पगारावरच तिशीतल्यांचे मोठे करार उभे आहेत. दोन्ही बाजूंनी सही करून.

तीननद्या

@जुना_मेट्सवाला काका, फिन्लींची गोष्ट माहीत नव्हती. ८०० आणि ५०० कोटींचा हा फरक मला माझ्या मूळ मुद्द्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतोय. ‘स्वस्त’ आणि ‘महाग’ ही एकाच नियमाची दोन टोकं आहेत.

ब्रायंटबद्दल अजून एक लिहायचं राहिलं. २०१५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (मोसमाआधीच्या सरावात) त्याने ९ होम रन मारले, सगळ्यांत जास्त. तरी मोसम सुरू झाला तेव्हा कब्जने त्याला मायनर लीगमध्ये ठेवलं. कारण दिलं, तिसऱ्या बेसवरचं क्षेत्ररक्षण सुधारायचं आहे. १७ एप्रिलला वर आणला. सेवेचं एक वर्ष म्हणजे १७२ दिवस. मोसमाअखेर त्याचे भरले १७१. एका दिवसाने वर्ष हुकलं आणि क्लबला त्याचं सातवं वर्ष मिळालं. आल्या आल्या तो रूकी ऑफ द इयर (वर्षाचा सर्वोत्तम नवोदित) झाला, यावरून क्षेत्ररक्षणाची किती तयारी बाकी होती ते समजा. त्याने तक्रार केली आणि २०२० च्या सुरुवातीला तीही हरला.

स्वाती_डेन्व्हर

मी रॉकीजची चाहती आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडते.

ब्रायंटवर अन्याय झाला हे मान्य. पण तो केला शिकागोने, आणि बिल भरलं आमच्या डेन्व्हरच्या रॉकीजने. २०२२ ते २०२५ या चार मोसमांत तो आमच्याकडे एकूण १७० सामने खेळला. एका मोसमाचे सामने १६२ असतात. आमच्या कूर्स फील्ड मैदानाची हवा विरळ, चेंडू लांब जातो, इथे येऊन फलंदाजांचे आकडे फुगतात, आणि इथे त्याचे चार वर्षांत मिळून १७ होम रन. त्याच काळात आमचा संघ खाली खाली जात राहिला आणि २०२५ मध्ये ११९ सामने हरलो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिसऱ्या बेसच्या मागे बसून पाहिलंय मी. माणूस वाईट नाही. बरा होऊन परत येतो, दोन आठवडे खेळतो, पळताना पाठ धरतो, पुन्हा संघाबाहेर. बघवत नाही.

पण क्लबच्या नजरेने हिशोब केला पाहिजे ना? वर्षाला २.६ कोटी गुंतलेत म्हणजे दुसरा कुणी घेता येत नाही. ‘एकूण कारकिर्दीत त्याचं भरून निघालं’ हे त्याच्यासाठी खरं असेल, आमच्यासाठी नाही. आणि राग त्याच्यावर नाहीच. तिशी ओलांडलेल्या, आधीच दुखापती झालेल्या माणसाला सात वर्षं देणाऱ्यांवर आहे.

आकडेमोड

एकूण कारकिर्दीचा विषय निघालाच आहे तर मांडून बघू.

२०१३ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सही करताना ६७ लाख मिळाले. मग तीन वर्षं पाच, साडेसहा आणि साडेदहा लाख. २०१८ पासून लवादाची वर्षं: १.०८ कोटी, १.२९ कोटी, १.८६ कोटी, १.९५ कोटी. यातल्या २०२० ला कोविडमुळे १६२ ऐवजी ६० सामने झाले आणि पगार त्या प्रमाणात कापला गेला. सगळं मिळून २०२१ अखेर ६ कोटींच्या थोडं आत. तोवरचं वॉर बेसबॉल रेफरन्सनुसार २८ च्या आसपास.

काकांच्या ५० लाखांनी गुणलं तर १४ कोटींचं काम. बाजाराच्या ८० लाखांनी गुणलं तर साडेबावीस कोटींचं. हातात आले सहा. नंतर रॉकीजचे १८.२ कोटी आले आणि एकूण झाले २४. म्हणजे बाजारभावाने पाहिलं तर जवळजवळ बरोबरीत सुटला, काकांच्या भावाने पाहिलं तर दहा कोटी जास्त मिळाले. दोन्ही उत्तरं तितकीच प्रामाणिक आहेत. भाव कुठला धरला ते आधी सांगायला हवं, एवढंच. ज्या याद्यांवर तीननद्या चिडले आहेत त्या हे कधीच सांगत नाहीत.

आणि ते हुकलेलं वर्ष: १७२ दिवस भरले असते तर तो २०२० नंतर मोकळा झाला असता. त्या छोट्या मोसमात तो ३४ सामने खेळला, सरासरी .२०६, आणि कोविडमुळे मैदानं रिकामी होती. त्या वर्षी त्याला १८ कोटी कुणी दिले असते असं मला वाटत नाही. म्हणून अन्याय झाला नाही असं नाही. २०१५ मध्ये क्लबने दिवस मोजले तेव्हा पुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

पॅसिफिक_किनारा

लॉस एंजेलिसहून. आमच्या डॉजर्सच्या शोहेइ ओतानीचं, पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्याचं, नाव अजून कसं आलं नाही?

२०२३ च्या डिसेंबरमध्ये १० वर्षांचे ७० कोटी डॉलर. तेव्हा इकडे ऑफिसात सगळे म्हणत होते, वेडे झालेत. पण त्यातले ६८ कोटी नंतर द्यायचे आहेत, २०३४ ते २०४३, बिनव्याजी. आत्ता वर्षाला फक्त २० लाख. त्यामुळे लक्झरी टॅक्सच्या (जास्त पगारांवर क्लबला बसणाऱ्या कराच्या) हिशोबात डॉजर्सच्या खात्यावर वर्षाला ७ कोटी नाही, साधारण ४.६ कोटी पडतात. आजचे पैसे आणि वीस वर्षांनंतरचे पैसे सारखे नसतात, हे आपल्याकडे पोस्टात पैसे ठेवणाऱ्या कुठल्याही आजीला ठाऊक असतं, बातम्यांच्या मथळ्यांना नसतं.

२०२४ मध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे त्याने पिचिंग केलंच नाही, तरी ५४ होम रन आणि ५९ चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना पळून गाठलेले), असा ५०-५० करणारा पहिलाच. २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्ल्ड सीरीज आमच्या. शिवाय डॉजर स्टेडियममध्ये जाऊन बघा, जपानी कंपन्यांच्या जाहिराती, जपानहून विमान करून आलेली कुटुंबं, १७ नंबरच्या जर्सीच्या रांगा. हे कुठल्याच वॉरमध्ये येत नाही. खेळाडूचं मोल फक्त विजयांत मोजायचं तर क्लब काय कमावतो तो अर्धा भाग सुटतो.

जुना_मेट्सवाला

नंतर द्यायच्या पैशांचा विषय आला म्हणजे आमचा मेट्सचा जुना खेळाडू बॉबी बोनिया आलाच. २००० साली मेट्सना त्याला सोडायचं होतं, ५९ लाख देणं होतं. ते तेव्हा न देता ८ टक्के व्याजाने २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला ११ लाख ९३ हजार डॉलर द्यायचं ठरलं. दर वर्षी त्या दिवशी लोक मेट्सना हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. पैसे हातात राहिले ते कुठे गुंतवले, यावर तो सौदा चांगला की वाईट ते ठरतं. ओतानीच्या सौद्यात व्याजच नाही, म्हणून तो क्लबच्या फायद्याचा.

रुईची_फुलं

इतका वेळ वाचत होते. खेळाडूच्या बाजूने एक प्रश्न राहतोय असं वाटतं. बांधलेल्या वर्षांत कमी पैसे मिळतात हे माहीत असताना कोणी आपणहून स्वस्तात लांबचा करार का करतं?

२०१९ मध्ये अटलांटाच्या ऑझी अल्बीजने ७ वर्षांचे साडेतीन कोटी डॉलर घेतले. त्याच महिन्यात रोनाल्ड अकुन्या ज्युनियरने ८ वर्षांचे १० कोटी. दोघांवर टीका झाली, त्यांच्या एजंटांवर जास्त. पण अल्बीज क्युरासाओचा, किशोरवयात साडेतीन लाख डॉलरवर सही केलेला. अकुन्या व्हेनेझुएलाचा, एक लाखावर. विशीबावीशीच्या मुलासमोर साडेतीन कोटी ठेवले आणि सांगितलं की उद्या गुडघा गेला तरी हे तुझे, तर नाही कसं म्हणणार? अकुन्याचा गुडघा २०२१ मध्ये खरंच गेला. तो परत उभा राहिला आणि २०२३ मध्ये ४१ होम रन, ७३ बेस चोरून एमव्हीपी झाला, पण हे सही करताना त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

उलट ॲरन जज. २०२२ च्या सुरुवातीला यँकीजचे ७ वर्षांचे २१.३५ कोटी त्याने नाकारले, ६२ होम रन मारले आणि ३६ कोटी घेतले. त्याला ते परवडत होतं. तोवर लवादाच्या वर्षांतले बरेच कोटी बँकेत होते. धाडस करायलाही आधी थोडा पैसा लागतो. अल्बीजला स्वस्त म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मुळाकाठ

@रुईची_फुलं, अगदी पटलं. आणि आता मला आमच्या ऋतुराजचं उदाहरण द्यायचंच आहे. चेन्नईने ऋतुराज गायकवाडला २० लाख रुपयांच्या मूळ किमतीला घेतलं होतं. २०२१ च्या आयपीएलमध्ये त्याने ६३५ धावा करून ऑरेंज कॅप मिळवली, चेन्नई जिंकली, तेव्हाही त्याची किंमत तेवढीच होती. पुढच्या मोसमासाठी ६ कोटींना राखला, २०२५ साठी १८ कोटींना. फरक एवढाच, की आयपीएलमध्ये दर तीन वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि भाव पुन्हा ठरतो. बेसबॉलमध्ये सहा वर्षं थांबायचं हे मला फारच जास्त वाटतं, तेही एवढ्या दुखापतींच्या खेळात.

स्कीन्स मोकळा कधी होणार मग?

तीननद्या

@मुळाकाठ, २०२९ च्या मोसमानंतर. आणि ती तारीख सुद्धा ब्रायंटसारख्या प्रकरणांमुळे मिळाली आहे. स्कीन्सलाही २०२४ मध्ये पायरेट्सनी ११ मेपर्यंत वर आणलं नव्हतं, म्हणजे त्याचंही वर्ष भरलं नसतं. पण २०२२ च्या करारात संघटनेने कलम घालून घेतलं, की रूकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोनांत आलेल्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळेल. स्कीन्स पहिला आला आणि त्याचं वर्ष वाचलं. त्याच करारात लवादाच्या आधीच्या खेळाडूंसाठी दर वर्षी ५ कोटी डॉलरचा बोनस निधीही आला. साय यंग जिंकणाऱ्याला त्यातून २५ लाख मिळतात, म्हणजे २०२५ मध्ये पगाराच्या जवळजवळ तिप्पट. हा पैसाही सगळे क्लब मिळून भरतात, एकट्या पायरेट्सना भुर्दंड नाही.

@स्वाती_डेन्व्हर, तुमचं म्हणणं बरोबर आहे, बिल वेगळ्याच खिशातून गेलं. पण आमच्याकडची उलटी स्थितीही बघा. १.९७ ईआरए असताना स्कीन्सच्या नावावर १० विजय आणि १० पराभव लागले, कारण तो टाकत असताना आमचे फलंदाज धावाच काढत नव्हते. संघ ७१ सामने जिंकला. त्याच्यामुळे वाचलेले चार-पाच कोटी डॉलर फलंदाजांवर लावले असते तर तुमच्या २.६ कोटींसारखी चूकही झाली असती कदाचित, पण प्रयत्न तरी दिसला असता. स्वस्तात मिळालेला पिचर आणि त्याच्यापाठी रिकामा संघ, याला मी वसुली म्हणणार नाही.

स्वाती_डेन्व्हर

हे मान्य. वाचलेला पैसा मैदानावर परत आला का, हा प्रश्न क्लबला विचारायचा, खेळाडूला नाही.

जुना_मेट्सवाला

मालक आणि संघटनेचा सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मागच्या वेळी ९९ दिवस टाळेबंदी होती. या वेळी पगाराला वरून मर्यादा घालायचा आग्रह मालक धरतील अशी चिन्हं आहेत, आणि संघटनेने ती आजवर एकदाही मानलेली नाही. १९९४ ची वर्ल्ड सीरीज त्यापायीच बुडाली. माझं मत विचाराल तर वरची मर्यादा सोडा, खालची वाढवा. किमान वेतन दुप्पट करा आणि लवाद दोन वर्षांनी सुरू करा. पैसा तेवढाच राहील, तिशीतल्यांकडून थोडा पंचविशीतल्यांकडे सरकेल. संघटनेतले जुने खेळाडू याला तयार होतील का, ते बघायचं.